गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि सर्व संचालक,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की बॉयलर पेटतील, वजनकाट्याची पूजा होईल, मान्यवरांच्या हस्ते गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला टाकायच्या जागी, मोळी पडेल. त्याच आठवड्यापासून आपल्या भागातल्या प्रत्येक रस्त्यावर ऊस भरलेले डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रांगेने धावू लागतील. ते सुरू होण्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावं म्हणून आत्ता लिहिते आहे. हंगाम एकदा चालू झाला की गाळपाच्या आकड्यांपुढे कुणाला काही ऐकू येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

मी तुमच्यापैकीच एका कारखान्याची ऊसउत्पादक सभासद आहे. माझा ऊस याच ट्रॉल्यांतून जातो. तोड वेळेवर आली नाही तर ऊस वाळतो, वजन घटतं, तुरा येतो, ही काळजी मी दरवर्षी करते. म्हणून ऊसवाहतूक थांबवा किंवा रात्रीची हंगामभर बंद करा असं काही मी मागणार नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर यायचं असेल तर त्या कशा स्थितीत याव्यात, हे तुम्ही ठरवा आणि पाळून घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

पोलीस आणि आरटीओ यांच्याऐवजी तुम्हालाच का लिहिते, तेही सांगते. हंगामात आरटीओचं पथक एखादी ट्रॉली महिन्यातून एकदा बघेल, कदाचित बघणारही नाही. तुम्ही तीच ट्रॉली जवळजवळ रोज बघता. ती तुमच्या गेटातून आत येते, तुमच्या काट्यावर भरलेली उभी राहते, गव्हाणीपाशी रिकामी होते, पुन्हा काट्यावर रिकामं वजन देते आणि तुमच्याच गेटातून बाहेर पडते. तिचा मालक तुमच्याशी करार करतो. तिला नंबर तुम्ही देता, तिचं बिल तुम्ही काढता. एवढा ताबा महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेकडे नाही. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च आम्हा शेतकऱ्यांच्या एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होतो. म्हणजे ट्रॅक्टर कुणाचाही असो, त्याच्या भाड्याचे पैसे आमच्या उसाचे आहेत. तो रस्त्यावर कसा चालतो हे विचारायचा हक्क मला त्यातूनच मिळाला आहे असं मी समजते.

रात्रीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त घरं रात्री उद्ध्वस्त होतात.

माझा मुलगा दुसऱ्या पाळीहून मोटारसायकलवर घरी येतो. त्याच्यासारखी शेकडो पोरं सोलापूर, पंढरपूर, अकलूज, बार्शीकडच्या रस्त्यांवर त्या वेळेला असतात. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की क्षणभर पुढचा रस्ता काळा होतो. त्या काळोखात ट्रॉली उभी असेल किंवा ताशी वीस किलोमीटरने चाललेली असेल, आणि तिच्या मागे दिवा नसेल, तर ती दिसतच नाही. वाळलेलं पाचट, मातकट लोखंड आणि काळा डांबरी रस्ता, सगळं एका रंगाचं होऊन जातं. ताशी साठच्या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. साध्या गाडीच्या लो बीमच्या उजेडात तीस-चाळीस मीटरपुढचं फारसं दिसत नाही. म्हणजे पाहायला, ओळखायला आणि ब्रेक दाबायला मिळून दोन सेकंद. त्यात उसाची कांडी ट्रॉलीच्या मागे दोन-तीन फूट बाहेर आलेली असतात, ती नेमकी चालवणाऱ्याच्या तोंडाच्या आणि छातीच्या उंचीवर. हेल्मेट घातलेला माणूसही त्यापुढे वाचेलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही दरवर्षी रिफ्लेक्टर वाटतो. वाटता, मान्य आहे. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस अधिकारी आणि आरटीओ अधिकाऱ्यांना बोलावून ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, बातमी येते. पुढे त्या रिफ्लेक्टरचं काय होतं ते जानेवारीत एखाद्या संध्याकाळी गेटवर उभं राहून बघा. पत्र्यावर चिकटवलेली पट्टी चिखलाने आणि उसाच्या रसाने माखलेली असते. कापडी रिफ्लेक्टर एका कोपऱ्यावर लोंबकळत असतो. आणि पट्टी स्वच्छ असली तरी बाहेर आलेला ऊस तिच्यावर झुकलेला असतो, मागच्याला ती दिसणार कशी? रिफ्लेक्टर ट्रॉलीच्या पत्र्याला लावून भागत नाही. भरण झाल्यावर उसाच्या सगळ्यात मागच्या टोकाला तो बांधला पाहिजे, दोन्ही कडांना, म्हणजे गाडीची रुंदी कळेल. हे काम हंगामात एकदा करून संपणारं नाही. प्रत्येक खेपेला, फडातून निघताना ते करावं लागेल.

आणि रिफ्लेक्टरवर दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड पडला तरच तो चमकतो. वळणावर तो पडत नाही, धुक्यात पुरत नाही, सायकलवाल्याकडे तर दिवाच नसतो. ट्रॉलीला स्वतःचा लाल दिवा हवाच. ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला आणि तिच्यापासून दुसरीला वायर न्यायची, दोन टेल लाईट, ब्रेक लाईट आणि इंडिकेटर लावायचे. गावातला इलेक्ट्रिशियन हे काम अर्ध्या दिवसात करून देतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत वाहनाचे दिवे चालू असायला हवेत. आमच्या वडिलांच्या काळात रात्री ऊस घेऊन निघालेल्या बैलगाडीच्या आखाखाली पेटता कंदील टांगलेला असायचा. गाडी संथ, रस्त्यावर रहदारी नाही, तरी कंदील असायचाच. आज त्याच रस्त्यावर पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वीस टन ऊस ओढतो आणि मागे काडीचाही उजेड नसतो.

ट्रॅक्टरच्या नंबराचंही असंच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ मध्ये लिहिलेलं आहे की ट्रॉल्यांची रांग ओढायची असेल तर ओढणाऱ्या वाहनाचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे, आणि ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी हवी. आपल्याकडे मागच्या ट्रॉलीवर मुलांची नावं असतात, देवाचं नाव असतं, नंबर नसतो. रात्री धक्का देऊन गाडी निघून गेली तर जखमी माणसाने पोलिसांत काय सांगायचं? आणि ट्रॉलीची नोंदणी नाही, विमा नाही असं निघालं की भरपाईचा दावा वर्षानुवर्षं कोर्टात अडकतो. त्यात ज्याचं माणूस गेलं त्याचं घर तर बुडतंच, ट्रॅक्टरमालकाची जमीनही पणाला लागते.

आता वजनाबद्दल. हे थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण इथे जबाबदारी थेट तुमच्यापर्यंत येते.

पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण दोन-अडीच टन असतं. त्याच्यामागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन आणि पुष्कळदा त्याहून जास्त ऊस असतो, ट्रॉल्यांचं लोखंड वेगळंच. म्हणजे ओढणाऱ्याच्या आठ-दहा पट वजन मागे. ब्रिटनमध्ये कारमागे कॅरव्हॅन जोडणाऱ्या नवख्या माणसाला सांगतात की मागचं वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नकोस. तिथे आणि युरोपातही भारासकट ७५० किलोच्या वर जाणाऱ्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असल्याशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. कार आणि ट्रॅक्टरची बरोबरी होत नाही हे मला कळतं. ट्रॅक्टर ओढण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्याचा वेग कमी असतो. पण ज्या कारणासाठी तो नियम केला ते कारण पंढरपुरातही बदलत नाही. ओढता येणं वेगळं आणि थांबवता येणं वेगळं. ट्रॅक्टरचं इंजिन वीस टन सहज ओढतं, पण त्याचे ब्रेक फक्त त्याच्या मागच्या दोन चाकांवर असतात, आणि ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेक नसतातच.

म्हणून खरा धोका चढापेक्षा उतारावर असतो. कॅनॉलच्या पुलावरून उतरताना, ओढ्याच्या उतारावर किंवा महामार्गाच्या उड्डाणपुलावरून खाली येताना मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलू लागतात. ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला की ट्रॅक्टर थांबायला बघतो, ट्रॉल्या थांबत नाहीत. मग सगळ्यात मागची ट्रॉली बाजूला सरकते, पहिली दुमडते आणि सगळी रांग रस्त्यावर आडवी होते. त्या क्षणी शेजारून कोण जात असेल ते नशिबावर. अनुभवी ड्रायव्हर उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घेतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी उतरवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मीही पाहिले आहेत आणि तुम्हीही पाहिले असतील. आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात, शेतात वळायला सोयीचे म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन्ही खिट्टीने एकत्र जोडायची असतात. ती जोडली नाहीत आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर जागच्या जागी त्या बाजूला फिरतो. ही खिट्टी लावली आहे का, हे गेटवरचा वॉचमनसुद्धा बघू शकतो.

चढावर उलटं होतं. भार मागे ओढतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॉलीची दांडी हुकाला किती उंचीवर जोडली यावर यातलं बरंच अवलंबून असतं. जितकी वर जोडाल तितका ट्रॅक्टर मागे उलटायचा धोका जास्त. जोडणीच्या पिनेला खालून लॉक नसेल तर एखाद्या गतिरोधकावर ती उडून बाहेर येते आणि ट्रॉली सुटते. म्हणून पिनेबरोबर एक मजबूत साखळीही ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत बांधलेली असावी, पिन निघाली तरी ट्रॉली भलतीकडे जाणार नाही. दोन ट्रॉल्या म्हणजे दोन साखळ्या. कुणालाही परवडतील अशा.

हे सगळं माहीत असून ट्रॅक्टरमालक एवढा ऊस का भरतो? कारण त्याला पैसे टनावर मिळतात. जितके टन काट्यावर, तितकं बिल. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायर आणि ट्रॅक्टरचा हप्ता हे सगळं एका खेपेला जवळपास तेवढंच लागतं, म्हणून प्रत्येक जण खेप मोठी करायला बघतो. ट्रॉलीच्या फळ्या वर वाढवतो, स्प्रिंगचे पाटे जाड घालतो. त्यात मुकादमाने उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन तोडणीची टोळी आणलीच नाही, असे फसवले गेलेले ट्रॅक्टरमालक आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यावर कर्ज आहे. हे लोक आमचेच भाऊबंद आहेत आणि त्यांच्यावर दात धरून मी हे लिहीत नाही. दराची रचना अशी केली आहे की जो नियमाने भरेल तो तोट्यात जाईल. ही रचना तुम्ही केली आहे, आणि बदलायची तर तुम्हालाच बदलावी लागेल.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. माल वाहनाच्या बाजूने, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही २०,००० रुपये. या कलमात गाडी चालवणाऱ्याच्या बरोबरीने ती ‘चालवायला लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ यांचाही उल्लेख आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत ही ओळ एकदा मोठ्याने वाचावी अशी माझी विनंती आहे. ट्रॉलीचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन तुमच्याच काट्यावर, तुमच्याच संगणकात, तारीख-वेळेसह नोंदवलं जातं. जादा भाराचा याहून पक्का पुरावा कुठल्या नाक्यावर मिळणार नाही. रोज हजारो वेळा तो पुरावा तयार होतो आणि त्यावरच बिल निघतं.

माझी सूचना अशी आहे. करार करतानाच ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या नोंदणीपुस्तकातला मंजूर भार संगणकात भरून घ्या. काट्यावर वजन झालं की शेतकऱ्याला त्याच्या पूर्ण उसाचे पैसे द्या, त्यात एक किलोही कमी नको, कारण भरण किती करायची हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. वाहतुकीचं बिल मात्र मंजूर भारापुरतंच काढा. त्यावरच्या टनांना वाहतूक दर शून्य. एवढं केलंत तर जादा भरण करण्यात कुणाला रस उरणार नाही, आणि त्यासाठी रस्त्यावर एकही पोलीस लागणार नाही. यात वाहतूकदाराच्या खेपा वाढतील, म्हणून प्रतिटन दर वाढवून द्यावा लागेल आणि तो बोजा शेवटी आमच्या एफआरपीवर येईल, हे मी समजून लिहिते आहे. सभासद म्हणून तो मला मान्य आहे. वार्षिक सभेत हा विषय घ्या, मी उभी राहून पाठिंबा देईन.

दुसरी सूचना गेटाबद्दल. रिकामी ट्रॉली बाहेर पडताना तिथे एक माणूस उभा करा. टेल लाईट लागतात का, मागे नंबर आहे का, पिनेला लॉक आणि साखळी आहे का, टायरची तार दिसते का, पेडलची खिट्टी आहे का, एवढंच त्याने बघायचं. एका गाडीला दोन-तीन मिनिटं पुरतील. जी कमी पडेल तिला पुढच्या खेपेचा नंबर देऊ नका. पण नुसतं अडवून चालणार नाही. तिथेच शेडमध्ये बल्ब, वायर, रिफ्लेक्टर, लॉकपिना आणि एक मेकॅनिक ठेवा. सामानाचे पैसे बिलातून कापा, हवं तर निम्मे कारखान्याने सोसा. आणि भरून येणारी ट्रॉली रिफ्लेक्टर झाकून आली असेल तर आत घ्या, ऊस वाळवू नका, पण चिठ्ठीवर शेरा मारा आणि तसे तीन शेरे झाले की गाडी एक दिवस उभी करा. चिठ्ठी लिहिणारा कारखान्याचा माणूस, चिटबॉय, फडात असतोच. निघताना मागच्या टोकाला रिफ्लेक्टर बांधल्याचं त्याच्या चिठ्ठीवर आलं तर बरंच काम तिथेच होईल.

ड्रायव्हरबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हंगामात तो पोरगा फडात भरण होईपर्यंत थांबतो, मग कारखान्यावर नंबर लागेपर्यंत यार्डात थांबतो. गर्दीच्या दिवसांत ही रांग रात्रभर हलत नाही. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपतो किंवा थंडीत ट्रॉलीखाली चवाळं टाकून पडतो. गाडी रिकामी झाली की लगेच पुन्हा फडाकडे. अशा माणसाला रस्त्यावर झोप लागली तर नवल काय? झोप येऊ नये म्हणून मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवतात आणि मग मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. स्पीकर काढायला लावाच, त्यात तडजोड नको. पण यार्डात झोपायला स्वच्छ खोली, गरम पाणी आणि रात्री चहा-जेवणही द्या. मोबाईलवर टोकन द्यायची सोय करा, म्हणजे किती वाजता नंबर येणार हे कळेल आणि मधल्या वेळात त्याला झोपता येईल. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातात ट्रॅक्टर दिसला तर मालकाला बोलावून घ्या. एवढं कडक तुम्ही नक्कीच होऊ शकता. कारण दुसऱ्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदाला नोटीस कशी पाठवतात हे तुम्हाला चांगलं जमतं.

आणि भरलेल्या उसावर माणसं बसवू नका. तोडणीची टोळी संध्याकाळी कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, परत जाताना बायका आणि लेकरं उसाच्या थरावर बसलेली दिसतात, कारण त्यांना दुसरं वाहन नसतं. बीडकडून येतानाही संसार आणि माणसं एकाच ट्रॉलीत. टोळी आणण्या-नेण्यासाठी वेगळ्या गाडीची सोय करारात घाला.

रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीचा प्रश्न तर सगळ्यात सोपा आहे आणि तरी कुणी सोडवत नाही. टायर फुटतो, एक्सल तुटतो, ट्रॉली रस्त्याच्या मध्येच बसते. ड्रायव्हर चार दगड लावतो, दोन फांद्या टाकतो आणि जॅक आणायला गावात जातो. रात्रभर ती तशीच. सकाळी ट्रॉली निघते पण दगड रस्त्यावर राहतात, आणि पुढच्या रात्री त्यावर कुणीतरी पडतं. प्रत्येक कारखान्याने हंगामभर एक क्रेन किंवा मोठा ट्रॅक्टर, दोन माणसं, लाल त्रिकोण आणि लुकलुकणारे दिवे घेऊन तयार ठेवावेत. एक फोन नंबर प्रत्येक ट्रॉलीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहावा, ड्रायव्हरसाठी आणि रस्त्यावरच्या माणसासाठीही. गाडी हलवल्यावर दगड उचलल्याशिवाय त्या पथकाने परतायचं नाही.

शाळांचंही बघा. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याचा खेळ गावोगाव चालतो. एक कांडं ओढताना मूल पडतं आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली येतं. आरशात ड्रायव्हरला ते दिसतसुद्धा नाही. गटाच्या शेतकी अधिकाऱ्याने हंगामाआधी आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेत जाऊन अर्धा तास बोलावं, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावातून जाणाऱ्या गाड्या अर्धा तास बाहेर थांबवाव्यात. याला तर पैसाही लागत नाही.

आणि कार्तिकी. गळीत सुरू व्हायला आणि दिंड्या पंढरीकडे निघायला एकच गाठ पडते. पहाटे धुक्यात, रस्त्याच्या कडेने वारकरी चालत असतात आणि त्यांच्याच अंगावरून ट्रॉल्या जात असतात. एकादशीच्या आधीचे चार-पाच दिवस पंढरपूरकडे येणाऱ्या रस्त्यांवर रात्री आणि पहाटे ऊस आणायचा नाही, असं सगळ्या कारखान्यांनी मिळून ठरवावं. त्या भागातल्या तोडीचा कार्यक्रम पुढे-मागे करता येतो, तारखा तर पंचांगात आधीपासून छापलेल्या असतात.

तुमचं उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे. आम्ही एकट्याने कडक झालो तर गाड्या शेजारच्या कारखान्याकडे जातील. हे खरं आहे. पळवापळवी कशी चालते ते आम्ही बघतोच. म्हणूनच हे पत्र एका कारखान्याला न लिहिता जिल्ह्यातल्या सगळ्यांना लिहिलं आहे. तुम्ही एकत्र बसा. उसाच्या दरावर शेतकरी संघटनांशी बोलायला तुम्ही एकत्र बसताच. आणि पुण्याच्या साखर आयुक्तांनाही मी याच पत्राने विनंती करते : दर हंगामाला गाळप परवाना तुमच्या सहीने मिळतो. थकीत एफआरपीसाठी तो जसा रोखला जातो, तसा काटा-बिलाचा हा नियम आणि गेटवरची तपासणी त्या परवान्याच्या अटींत घाला. मग कुणाला शेजाऱ्याचं निमित्त उरणार नाही.

प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकऱ्यांनी त्यात भाग भांडवल घातलं ते कारखाना आपला म्हणून. आजही अपघातात जाणारा माणूस पुष्कळदा सभासदाचाच मुलगा, जावई किंवा भाऊ असतो. चालवणाराही सभासदाचाच. दोन्ही घरी संचालक मंडळी भेटायला जातात, हात जोडतात. मी अशा घरी गेले आहे, आणि तिथे काय बोलावं ते मला आजवर सुचलेलं नाही.

माझं एवढंच मागणं आहे की पहिली मोळी टाकण्याआधी प्रत्येक कारखान्याने आपला निर्णय लेखी कळवावा. मंजूर भारापुरतंच वाहतूक बिल काढणार की नाही, गेटवर तपासणी कुणाच्या सहीने होणार, बंद पडलेल्या गाडीसाठी कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कार्तिकीत कोणते रस्ते बंद ठेवणार. हा कागद प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर मराठीत, ठळक अक्षरांत लावावा. काही करणार नसाल तर तेही तसंच लिहून लावा. आमच्या गटातल्या फळ्यावर मी रोज येऊन बघणार आहे.

कळावे,
आपली,
एक ऊसउत्पादक सभासद,
सोलापूर जिल्हा